वीस हंगामांची पाखरं

नाई मॅडम, नाव पूर्ण लिहा — भगवंत नारायण गावंडे. मधातलं बापाचं नाव गाळू नोका, नुसते गावंडे या अकोल्यात खंडीनं सापडतात. हां, असं. अन् पेपरावरच्या नावाईच्या यादीत कितवा मी? दुसरा! पहिल्या तुमी, चारुता मॅडम — ते बराबरच आहे, लिहून तुमी राहिल्या — दुसरा मी, अन् मानकर साहेब? शेवटी? ऐकलं का वं सीमा, साहेब शेवटी! सून आहे माही, आतमधी आहे. वीस वर्ष ज्या माणसामागं मी पिशवी धरून चाललो तो माणूस आता माह्या मागं... काय म्हणता? शेवटचं नाव मोठ्या माणसाचं असते? तुमच्यात तशी रीत आहे? बाप्पा! म्हणजे मागं बसूनबी मोठे तेच. राहू द्या. साहेबाईनं कुठंबी बसावं, त्याईची खुर्ची तिथंच येते. मी दुसरा तं दुसरा. पण नाव आलं पायजे, एवढंच म्हणणं आहे.

तुमी तिवस्याच्या म्हणून मोकळं बोलून राहिलो. बंगलोरले शिकाले गेल्या तरी बोली इसरल्या नाई, फोनवरच समजलं. दुसरं कोणी असतं तं दारातूनच वापस धाडलं असतं. काहून म्हणजे? राग आहे म्हणून! तीस पेपर, मॅडम, संशोधनाचे. कॉलेजच्या शेतात कपाशीच्या मधात एक दिव्याचा सापळा — खांबावर बल्ब, बल्बाखाली पत्र्याचं नरसाळं, नरसाळ्याखाली डबा — पाखरं उजेडावर येतात, डब्यात पडतात, सकाळी डबा उघडायचा, बोंडअळीची पाखरं निवडायची, मोजायची, रजिस्टरात आकडा लिहायचा. जुलै ते डिसेंबर, रोज. दिवाळी असो का मयत असो. त्या एका सापळ्यावर साहेबाईनं तीस पेपर काढले, प्रमोशन घेतलं, दोनदा विमानात बसले. पेपरात नाव कोणाचं? साहेबाचं. मंग प्राचार्याचं, ज्यानं तो सापळा कारच्या काचेतूनबी पाहिला नाई. मंग साहेबाच्या साडूचं — तो वरूडले इंग्रजी शिकवते, मॅडम, इंग्रजी! त्याले कपाशी अन् अंबाडी एका जागी लावून द्या, सांगता नाई येणार. अन् माह्यं? सगळ्यात खाली बारीक अक्षरात — शेतावरच्या कर्मचाऱ्याईचे आभार. कर्मचारी! मी अन् शेतावरचा कुत्रा, दोघंबी आलो त्याच्यात.

माह्या पोरानं, बंडूनं, एकडाव मोबाईलवर काढला होता तो पेपर. वर साहेबाचं नाव, खाली पाच-सहा ओळी, अन् मंग कुलूप. पुढचं वाचायचं असन तं डॉलर भरा. मी म्हटलं, बंडू, पाखरं अकोल्याची, कपाशी अकोल्याची, बल्ब बदलवला मी, अन् आपल्यालेच पाहाले डॉलर? तो म्हणे बाबा, असंच असते. असंच कसं असते? कोणाच्या घरची हाय ती कपाशी? बरं, आता म्हणे नियम बदलले, सरकारी पैशातून केलं ते सगळं लोकाईसाठी उघडं करा, कुलपं काढा. तं कॉलेजनं काय केलं, पेपर राहिले बाजूले, माह्या रजिस्टराईचे फोटो काढले अन् वेबसाईटवर टाकून दिले. वीसच्या वीस. कोणीबी पाहा, फुकट. अन् तुमी पाहिले. तुमचा फोन आला तवा मले वाटलं बँकेचा आहे, मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा तुमी म्हणाल्या, गावंडे काका, वीस हंगाम, अन् एक दिवसाचाबी खाडा नाई, असं मी कुठं पाहिलं नाई, मले या आकड्याईचाच पेपर लिहायचा आहे, तुमच्या नावासकट. खोटं नाई सांगत, फोन ठेवला अन् मोरीत जाऊन तोंड धुतलं. इतक्या वर्षात काका म्हणून कोणी विचारलं नव्हतं. अबे गावंडे, ओ गावंडे, एवढंच.

घ्या, चहा घ्या. गोड जास्त झाला असन, आमच्या घरी असाच असते. तं काय विचारत होत्या — पद्धत? पद्धत लिहाच लागते का? लिहा. सकाळी पाचले डबा उतरवायचा. जिवंत असतात त्याईले थोडं औषध. मंग पांढऱ्या कापडावर उलटं करायचं — पांढरंच पायजे, धोतराचा तुकडा चालते — अन् वेगळं करायचं. हिरव्या बोंडअळीचं पाखरू मोठं, ते आंधळाबी ओळखन. ठिपक्याच्या अळीचं हिरवट असते. खरी गोम गुलाबीची. गुलाबीचं पाखरू एवढुसं, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, मातकट, अन् डब्यात तशीच मातकट दुसरी शंभर पाखरं पडलेली असतात. मंग काय करायचं, हलकी फुंकर मारायची. फुंकर मारली का पंख थोडा उचलते अन् मांगच्या पंखाच्या कडेले झालर दिसते, लुगड्याच्या पदराले असते तशी. झालर दिसली का गुलाबी. ती म्हणे, डोळ्यानं नोका पाहू, फुंकरीनं पाहा. जोरात मारली का सगळं उडून जाते, तिची फुंकर अशी होती का...

ती म्हणजे? ती म्हणजे — घरची. गोदावरी. तिकडं फोटो आहे ना, हार घातलेला. ती बी यायची कधी कधी, मदतीले. बायका येतातच शेतावर.

नाई, कधी कधीच नाई. आता तुमी पद्धत लिहून राहिल्या, तं पद्धत खोटी काहून लिहा? रोज तीच जाये. तुमाले वाटन मी आळशी होतो, झोपून राहत होतो. नाई मॅडम. पाचले मी उठून साहेबाच्या बंगल्यावर. दूध आणा, पूजेची फुलं आणा, पोरीले ट्यूशनले सोडा, पोराले पोहाले सोडा, साहेबाच्या सासूबाईले फिरवून आणा — नेमणूक पाहाल तं कागदावर मी प्रयोगशाळा परिचर, कीटकशास्त्र विभाग. पयला हंगाम लागाच्या आधी सापळा नुसता चालवून पाहत होते, तवा आठ दिवस दोन्ही करून पाहिलं. नवव्या दिवशी डबा तसाच राहिला, मुंग्या लागल्या. साहेब म्हणे, गावंडे, नोंद चुकली तं तुह्या जागी दुसरा येईन. मी म्हटलं, मंग बंगल्यावर येत नाई. साहेब म्हणे, तरीबी दुसरा येईन. घरी येऊन सांगतलं तं गोदावरी म्हणे, डबाच उतरवायचा ना, दाखवा मले. त्या दिवसापासून गेली, मी आणलेल्या तक्त्यावरची चित्रं पाहून पाखरं ओळखाले आपली आपणच शिकली. आमची खोली तवा शेताच्या कुंपणाले लागूनच होती, सापळ्यापर्यंत दहा मिनिटाची वाट. साहेबाले माहीत होतं का? साहेबाले सगळं माहीत होतं अन् काईच माहीत नव्हतं. त्याईले आकडा पायजे होता, संध्याकाळी पाचच्या आत.

तिले लिहिता येत नव्हतं. एकच यत्ता शिकली, तीबी अर्धी. तं तिची आपली रीत — गुलाबीचे चिंचोके, हिरवीच्या तुरी, ठिपक्याचे मक्याचे दाणे. पाच पाखराले एक दाणा, वरची उरली तं बाजूले काड्या. तीन वाट्या खिडकीत मांडून ठेवे. मी संध्याकाळी येऊन वाट्या मोजायचो अन् रजिस्टरात लिहायचो, खाली सही. माह्याच हातानं लिहा लागे, तसा नियमच होता, ज्याची नेमणूक त्याचं अक्षर. कधी मी घाईत चूक केली तं तिले पाठ असे. म्हणे, बारा चिंचोके होते, अकरा काहून म्हणता? एकडाव साहेबाचा एक विद्यार्थी, पीएचडीवाला, सापळ्यापाशी उभा राहून तिले विचारून राहिला, मावशी, गुलाबी कसं ओळखता? तिनं फुंकर मारून दाखवली. त्यानं फोटो काढला, पाखराचा. तिचा नाई, पाखराचा. तो आता नागपूरले मोठा साहेब आहे.

हो, लिहा ना तिचं नाव. आता तुमी म्हणाल्या तं लिहा. दुसरी ती, मी तिसरा. नाई तं मले काढूनच टाका, खरं तं तेच आहे. मी पयलेच सांगणार होतो, पण तुमी फोनवर एवढं गावंडे काका, गावंडे काका करून राहिल्या का मले सोडवलं नाई. इतकी वर्ष थुंकी गिळली अन् पयला घास आला तं तो बी तिचा. मले वाटलं, घेतो थोडा वेळ. काय बिघडते.

हे काय दाखवून राहिल्या? कंप्युटर इकडं करा, उजेड पडून राहिला. हं. हा कोणता हंगाम? शेवटचा, दोन हजार सोळा. अन् ही लाल रेघ? हे त्याच्या आदल्या वर्षीचं. बरं मंग? सारख्या दिसून राहिल्या तं दिसू द्या, कपाशी तीच, शेत तेच, पाखरू बी तेच येईन. चौदा ऑक्टोबरले एकसष्ट, अन् पुढच्या वर्षी चौदा ऑक्टोबरले त्रेसष्ट, त्याच्यात काय? पंधराले अठ्ठावन्न, छप्पन्न. सोळाले... हं. सगळ्यात दोन-दोनचाच फरक आहे का? चारही महिने? वारा तसाच असन. पाऊस बी त्या वर्षी... आता पावसाचं तुमी पाहिलंच असन, तुमी शिकलेल्या. नाई, मले काई आठवत नाई. इतकं कोण लक्षात ठेवते. तुमी आल्या होत्या नाव लिहाले अन् आता मास्तरणीसारख्या वही तपासून राहिल्या. साहेबाईनं तपासलं नाई, प्राचार्यानं तपासलं नाई, तीस पेपर छापणाऱ्याईनं तपासलं नाई! त्याईचं कुलूप होतं तवा बरं होतं म्हणा. मीच बोंबलत होतो कुलूप काढा म्हणून.

बसा. बसा मॅडम, उठू नोका. तुमच्यावर नाई चिडलो.

त्या वर्षी ऑगस्ट सरताना ती पडली. पोटात गाठ. सप्टेंबरपासून खाटेवरच, कधी दवाखाना, कधी घर. मी साहेबाले म्हटलं, बंगल्यावरून सुटी द्या. साहेब म्हणे, गावंडे, मार्चमधी मी रिटायर होऊन राहिलो, एवढा हंगाम ओढ, वीस पूर्ण झाले का मोठा पेपर होते. बरं म्हटलं. पयल्या दिवशी स्वतः डबा उतरवला. कापडावर उलटा केला. मॅडम, चारशे पाखरं असतील. सगळी मातकट. मी फुंकर मारली, अर्धी उडाली. हळू मारली तं एकबी पंख उचलला नाई. झालर कुठं, काय कुठं, मले काईच दिसत नव्हतं. एकोणीस हंगाम मी त्या पाखराच्या खाली सही केली, अन् ते पाखरू मले ओळखता येत नव्हतं! दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. आता जागा मोकळी सोडायची तं साहेब विचारतीन काहून सोडली, अन् सांगायचं तं एकोणीस वर्षाचं सगळंच सांगा लागे — का नोकरी माही अन् काम तिचं. चवथ्या दिवशी मी आदल्या वर्षीचं रजिस्टर काढलं. कुठं दोन वाढवले, कुठं दोन कमी केले. पाच मिनिटात झालं. इतकं सोपं होतं ते, मलेच नवल वाटलं.

तेवढ्यावर राहिलं असतं तं मी तुमाले आज हासत सांगतलं असतं. पण ती रोज विचारे ना. मी आलो का खाटेवरून पयला सवाल — आज किती? औषध घेतलं का, पोट दुखते का, काई नाई, आज किती? मी सांगे, साठ. ती म्हणे, गुलाबी? मी म्हणे, हो, गुलाबी साठ. आठ दिवस ऐकलं तिनं. नवव्या दिवशी म्हणे, असं कसं? आपल्या दाराच्या बल्बावर पाहा, सगळी गुलाबी येऊन बसली, म्या खाटेवरून मोजली तं चाळीस निघाली, अन् तिकडं भर कपाशीत साठच? यंदा वाढलं आहे. लय वाढलं आहे. साहेबाले सांगा. मी साहेबाले सांगतलं बी, आपलं घाबरत-घाबरत — घरची म्हणते गुलाबी वाढली. साहेब हासले. म्हणे, तुही बायको शास्त्रज्ञ झाली का? रजिस्टर तं साठ दाखवून राहिलं. माह्याच रजिस्टराचं बोट माह्याच डोळ्यात. पुढच्या साली त्या कपाशीचं काय झालं, बोंडाबोंडात अळी, ते तुमी तिवस्यात पाहिलंच असन. म्हणजे तिचा आकडा बराबर होता. तो कुठंच लिहिलेला नाई.

अन् ती काय म्हणे, ऐका. ती म्हणे, तुमाले जमत नसन तं डबा घरी आणा. मी खाटेवरून मोजून देईन, फुंकर मारता येते अजून. एकडाव नाई, दहाडाव म्हणाली. दहा मिनिटाची वाट होती, मॅडम. डबा हलका असते, पोट्टं बी आणन. मी नाई आणला. मी म्हटलं, मले येते मोजता, एवढं काय मोठं आहे त्याच्यात, तू पडून राहा. काहून म्हटलं असं? लाज वाटली. एकोणीस वर्ष जिच्या जीवावर सही केली तिच्यापुढं कबूल कराले लाज वाटली का मले तुहं काम येत नाई. तिले समजलं होतं. मंग तिनं विचारणं बंद केलं. नोव्हेंबरपासून एकबी डाव विचारलं नाई, आज किती. मी आलो का भिताडाकडं तोंड. पौषात गेली. मी डबा आणला असता तं तिचे ते चार महिने... रोज सकाळी तिच्यासाठी काई आलं असतं ना. नुसती वाट पाहत नसती पडली. हे मी बंडूले बी नाई सांगतलं. तुमाले काहून सांगून राहिलो कोण जाणे.

तं आता असं करा. तो शेवटचा हंगाम काढून टाका. गावंडेनं खोटा लिहिला असं छापा, मोठ्या अक्षरात छापा, माह्यं पेन्शन जात असन तं जाऊ द्या. बाकीचे एकोणीस राहू द्या. ते खरे आहेत. बंडूच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, एकेक पाखरू तिच्या हाताखालून गेलं आहे, तापात गेली आहे, बंडू पोटात होता तवा गेली आहे. एकोणीस हंगाम तिच्या नावानं छापा, गोदावरी भगवंत गावंडे, साहेबाले पाठवा, साडूले पाठवा. माह्यं नाव बिलकुल नोका टाकू.

काहून नाई?

कसं समजन म्हणजे? मी सांगून राहिलो ना! एकोणीस खरे, विसावा खोटा, सरळ आहे. छापणारे विचारतीन? विचारू द्या. पुरावा? चिंचोके होते ना... चिंचोके रोज वापस डब्यात जात, दुसऱ्या दिवशी तेच लागत. तिच्या हातचं लिहिलेलं नाई, सांगतलं ना, तिले येत नव्हतं. रजिस्टरात? रजिस्टरात सगळं माह्यंच अक्षर. सही माही. पेन बी साहेबाच्या ऑफिसातला, तोच. खरं लिहिलं त्याच हातानं, खोटं लिहिलं त्याच हातानं. पण मी सांगून राहिलो ना मॅडम, माह्या सांगण्यावरून तं तुमी...

हो.

माह्या सांगण्यावरून.

बराबर आहे तुमचं. मी तुमच्या जागी असतो तं मीबी नसता धरला इश्वास. म्हणजे मी तोंड उघडलं नसतं, वारा-पाऊस म्हणून टाळलं असतं, तं तिचे एकोणीस राहिले असते. मी आज खरं बोललो म्हणून गेले. असंच ना? नाई, तुमी माफी नोका मागू, तुमी काय केलं. मीच केलं. तवा तोंड बंद ठेवलं, अन् आज उघडलं.

उठा. अमरावतीची गाडी भेटन तुमाले अजून. चपला बाहेर आहेत, पायरीवर. नाई, फोन करू नोका. विचारायचं असन ते साहेबाले विचारा. मी आता बोलत नाई.